रामाप्पाची सुरी

“बघा, बघा, हात बघा त्याचे!” मालननं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. “काय चालतायत हो!”

रविवारची संध्याकाळ होती. आमच्या बुरुडगल्लीत तेव्हा दोनच टीव्ही, त्यातला एक आमचा. सात वाजले की निम्मी गल्ली आमच्या सोप्यात येऊन बसायची, कारण सातला ‘एकटा रानात’ लागायचं. शौनक राजवाडे नावाचा पुण्याचा उंचापुरा गडी एकटाच रानात उतरायचा. कमरेला फक्त एक चाकू. त्या एका चाकूवर तो तीन दिवस तगून दाखवायचा.

त्या दिवशी तो बांबूची, आमच्या भाषेत कळकाची, पेरं फोडून पाण्याचं भांडं बांधत होता. म्हणजे दिसत तसं होतं. आधी त्याचा घामाघूम चेहरा दिसला. मग चेहरा गेला आणि पडदाभर नुसते दोन हात आले. मनगटावर लाल दोरा, जाडजूड घड्याळ, काळ्या मुठीचा चाकू. चाकू मांडीशी रोवलेला, जागचा हलत नव्हता. डावा हात कळकाची कामटी ओढत होता, आणि कामटी पात्यावरनं एकसारखी पातळ निघत होती.

“आमच्या अण्णांनंतर असे हात मी बघितले नव्हते बाई,” मालन शेजारच्या अक्काताईला म्हणाली.

अक्काताई माझ्याकडं वळली. “मुरली, तू जातोस की रे त्याच्या शूटिंगला. शीक की जरा काहीतरी.”

“हे होय?” मालन हसली. “हे जातात पेट्या उचलायला. ह्यांना कोण हात लावू देतंय चाकूला?”

सगळा सोपा हसला. मी उठलो, पाणी प्यायचं निमित्त केलं आणि परसात जाऊन उभा राहिलो. आतून परत मालनचा आवाज आला, “अगं बाई, गाठ कशी मारली बघ!”

ते हात माझे होते.

ते कसं झालं ते सांगतो. आंबोलीच्या अलीकडं त्यांचा तळ पडला होता आणि मी खरोखरच पेट्या उचलायला गेलो होतो. पहिल्याच दिवशी शौनक सरांनी कळक फोडताना अंगठा फाडून घेतला. तीन टाके पडले. सगळं काम थांबलं. नंदिता मॅडम म्हणून होत्या, सगळा कारभार त्यांच्या हातात. त्या डोक्याला हात लावून बसल्या. मला राहवलं नाही. मी म्हणालो, “मॅडम, एवढंच करायचंय तर मी करून देतो.” माझ्या खिशात माझी सुरी होती. पेर फोडून, कामट्या काढून, दहा मिनिटांत मी त्यांना भांडं बांधून दिलं.

मॅडम माझ्या हातांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “नखं घासून ये.”

तेव्हापासनं चेहरा सरांचा आणि हात माझे. त्यांचं घड्याळ आणि लाल दोरा माझ्या मनगटावर चढायचा. चाकूंची तर गंमतच होती. टीव्हीवर म्हणायचे एकच चाकू, पण पेटीत अकरा होते. पळताना कमरेला लटकवायचा तो रबराचा. उन्हात चमकवायचा तो वेगळा, त्याच्यावर सरांचं नाव कोरलेलं. एक परदेशी होता, पाठीला करवतीसारखे दात. दिसायला एकेक असा की देवघरात ठेवावा, पण कामटी काढायला एकाचा उपयोग नाही. पातं जाड, कळकात शिरलं की अडलं. शेवटी मॅडमनी त्यांच्या माणसाकडनं माझ्याच सुरीला तसली काळी मूठ बसवून घेतली. काम झालं की ती सुरीही त्यांच्याच पेटीत, कुलपात. म्हणजे हात माझे, सुरी माझी आणि तोंड तेवढं दुसऱ्याचं.

मॅडमनी कागदावर सही घेतली होती. “मुरलीधर, कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही. बायकोलासुद्धा नाही.” मी वर आणखी रवळनाथाची शपथ घालून घेतली, स्वतःहूनच, कुणी मागितली नव्हती.

पण खरं सांगायचं तर शपथेचं काय एवढं नव्हतं. बायकोला सांगितलं असतं तर रवळनाथ काय धावून आला नसता. मला वेगळीच भीती होती. मी सांगितलं आणि ती हसली तर?

मालन निपाणीची. रामाप्पा बुरुडाची एकुलती एक लेक. रामाप्पाचं सूप म्हणजे निपाणीच्या बाजारात नाव घेऊन मागायचे लोक. आमचं लग्न ठरायच्या आधी वर्षभर ते गेले. मालन आली ती ट्रंकेत त्यांची सुरी घेऊन आली, पांढऱ्या धडप्यात गुंडाळलेली. लग्नाला महिना झाला तेव्हा मी म्हणालो होतो, “दे की मला वापरायला. नुसती ठेवून गंजायची.”

“बघू,” ती म्हणाली.

“बघू काय त्यात?”

“अण्णांनी सांगितलंय, हात बघून दे. गडबड करू नकोस.”

तिनं ट्रंक लावली आणि भाकरी थापायला बसली. मी माझ्या हातांकडं बघत बसलो. काय वाईट होतं या हातांत? दहा वर्षांचा असल्यापासनं कळक फोडत आलो होतो. पण बायकोनं एकदा ‘बघू’ म्हटलं की ते मनात कुसळासारखं राहतं. काढता येत नाही आणि विसरता येत नाही.

आणि आता आठवड्याच्या आठवड्याला ती माझ्या शेजारी बसून त्या शौनक राजवाड्याच्या हातांवरनं जीव ओवाळून टाकत होती.

पहिले दोन-तीन रविवार मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. मनातल्या मनात म्हणायचो, तुझाच नवरा आहे बाई तो, कर कौतुक. पण ते कौतुक माझ्यापर्यंत येईना. ते सगळं त्याला जायचं, त्याच्या त्या गोऱ्या तोंडाला. ती म्हणायची, “धीर किती आहे माणसात, एक कामटी वाकडी जात नाही.” ती म्हणायची, “असल्या माणसाची बायको सुखी असणार.” आणि मी तिच्या बाजूला बसून शेंगा फोडत असायचो. माणूस दुसऱ्यावर जळतो, आपल्याच दोन हातांवर जळणारा मीच असेन. तिच्या तोंडून ‘हात’ शब्द आला की माझं डोकं फिरायचं.

घरी मग मी बारीकसारीक कारणावरनं चिडायला लागलो. आमटीत मीठ कमी, टीव्हीचा आवाज जास्त. ती उलट हसायची आणि पुढच्या रविवारी दुपटीनं कौतुक करायची.

तळावर तर आणखी वाईट. शौनक सर वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी दिल्या असत्या. पण तो चांगला होता. माझ्याबरोबर दगडावर बसून जेवायचा. एकदा त्यानं माझी सुरी हातात घेतली, कामटी ओढून बघितली, तुकडा पडला.

“मला लाज वाटते हो मुरलीदादा,” तो म्हणाला. “काल एका मुलानं पत्र पाठवलंय, तुमच्यासारखे हात मला पाहिजेत म्हणून. काय उत्तर देऊ?”

“द्या काहीतरी,” मी म्हणालो.

“मी मॅडमना म्हटलं, शेवटच्या भागात तुमचं नाव घालू या. त्या नाही म्हणाल्या.”

माझा विश्वास बसला नाही. बोलायला काय जातंय?

“घरी बघतात का आपला कार्यक्रम? वहिनी बघतात?”

“बघते कधीतरी,” मी म्हणालो. सुरी त्याच्या हातातनं घेतली आणि पुसायला लागलो.

सहा महिने असे गेले. शेवटचा भाग संपला, आणि जायच्या आधी शौनक सर आमच्या शाळेवर येणार असं ठरलं. मुख्याध्यापक मुल्ला सरांनीच आमंत्रण दिलं होतं. रविवारी सकाळी नऊ वाजता. गावात दवंडी दिल्यासारखी बातमी पसरली.

शुक्रवारी मी घरी आलो तर मालन सोप्यात बसलेली. पुढं पांढरा धडपा पसरलेला आणि त्यावर रामाप्पाची सुरी. ती बोटाला खोबरेल घेऊन पात्याच्या पाठीवरनं फिरवत होती. धारेला बोट लावत नव्हती.

“आज कशी काय काढलीस?” मी विचारलं.

“परवा न्यायचीय शाळेत.”

“शाळेत कशाला?”

“सर येणारेत नव्हं?”

मी चप्पल काढायचा थांबलो. “मग?”

“मग काय? न्यायचीय.” तिनं वर बघितलं. डोळे असे चमकत होते की लग्नाच्या नऊ महिन्यांत मी तिला इतकी खूश बघितली नव्हती. “अण्णांनी सांगितलं होतं, हात बघून दे. बघितले की हात. गल्लीनं सगळ्या बघितले.”

“मालन, परक्या माणसाला?”

“तुम्हाला कशाला हो पंचाईत?” ती हसायला लागली. “तुम्ही आपल्या पेट्या उचला.”

मी भांडायला पाहिजे होतं. ताट आपटायला पाहिजे होतं. निदान तिथं बसून सांगायला पाहिजे होतं की बाई, असं असं आहे. पण मी मोरीवर गेलो, हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. समोर ती गुणगुणत होती. माझी बायको परक्या माणसासाठी गुणगुणत होती, आणि तिचा बाप ज्या सुरीवर म्हातारा झाला ती सुरी त्याला द्यायला निघाली होती. मला आठ महिने ‘बघू’ आणि त्याला सहा महिन्यांत सुरी!

शनिवारी दुपारी ती सुपं घेऊन बाजारपेठेत गेली. घरात मी एकटा होतो. ट्रंकेला कुलूप कधीच नसायचं.

मी धडपा सोडला. पहिल्यांदाच ती सुरी माझ्या हातात आली. काय सुरी होती ती! मूठ घासून घासून तळहाताच्या आकाराची झालेली. पातं झिजून बोटभर उरलेलं, आणि धार अशी की दाराच्या उजेडात धरली तर कड दिसेना. मी मनगटावर टेकवली तशी केस आपोआप गळाले. असली धार मला आजही जमत नाही. दुसरी कुठलीही वेळ असती तर मी तिला नमस्कार केला असता.

मी ती घेऊन परसातल्या विहिरीवर गेलो. लपवावी असं आधी मनात होतं, पण लपवली तर चोर घरचाच ठरतो. मग म्हटलं, जाऊ दे, गेली तर गेली. पण ही धार त्याला द्यायची नाही. सुरी त्याच्या काचेच्या कपाटात जाऊन बसणार, बोथट आहे का धारेची, त्याला मरेपर्यंत कळणार नाही. मला कळेल. तेवढं मला पुरे होतं.

काठाच्या काळ्या दगडावर मी धार आडवी धरली आणि ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ओढताना कचकन आवाज आला आणि मध्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा खांडा पडला. बुरुडाच्या पोरानं सुरी पायाला लागली तर पाया पडायचं असतं. मी ती दगडावर मारली. अंगावर काटा आला, पण वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. त्या घटकेला बरं वाटलं. छातीवरचा धोंडा बाजूला झाल्यासारखा श्वास आला.

तेल लावून, धडप्यात तशीच गुंडाळून मी ती ट्रंकेत ठेवली. संध्याकाळी मालननं विचारलं, “चहा घेणार?” मी म्हणालो, “घेतो की.” सहा महिन्यांत पहिल्यांदाच मी तिच्याशी सरळ बोललो असेन.

रविवारी शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मालन लग्नातलं हिरवं लुगडं नेसून बायकांत पुढं बसली होती, मांडीवर धडप्याची पुरचुंडी. मी मागं जीपजवळ, पेट्यांपाशी. पेट्या उचलणारा माणूस पेट्यांपाशीच बरा.

हारतुरे झाले. सर चार शब्द बोलले. पोरांनी एक हिरवा कळक आणून पुढं टाकला होता, आणि ‘सर, करून दाखवा’ असा कालवा चालला होता. सर नुसते हसून वेळ मारून नेत होते. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. दाखव की आता!

तेवढ्यात मालन उठली. पदर डोक्यावर घेतला आणि सरळ सरांपुढं जाऊन उभी राहिली. मुल्ला सरांनी कौतुकानं माइक तिच्यापुढं धरला.

“सर, ही माझ्या वडलांची सुरी,” ती म्हणाली. “निपाणीच्या रामाप्पा बुरुडाची.”

सरांनी दोन्ही हात पुढं केले. “ताई, एवढी मोठी वस्तू मला?”

“तुम्हाला नव्हे,” मालन म्हणाली. “आमच्यात हत्यार घरच्यांनी एकमेकाच्या हातात द्यायचं नसतं. तिसऱ्या मोठ्या माणसाच्या हातनं द्यायचं असतं. तुमच्या हातनं ही ह्यांना द्या.”

आणि तिनं बोट केलं ते माझ्याकडं.

सगळं पटांगण मागं वळून बघायला लागलं. हत्यार तिसऱ्याच्या हातनं येतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आजोबांची सुरी माझ्या बापाला आजीकडनं आली ती गावच्या पाटलाच्या हातनं. बुरुडाच्या कुठल्याही पोराला हे सुचलं असतं. मला दोन दिवसांत सुचलं नाही, कारण माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं.

“या की हो,” मालन म्हणाली. “लाजताय काय?”

लोक हसले. कुणीतरी मला पाठीत ढकललं. मी गेलो. शौनक सरांच्या सगळं ध्यानात आलं होतं, त्यांच्या तोंडावरनंच दिसत होतं. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, त्यात पुरचुंडी ठेवली आणि माइकवर म्हणाले, “हे आमचे मुरलीदादा. रानात मी जे काही शिकलो त्यातलं पुष्कळ यांच्याकडनं शिकलो. कळकाचं काम बघायचंय ना तुम्हाला? मग मी कशाला, यांचंच बघा. दादा, नव्या सुरीनंच होऊ दे!”

भला माणूस. त्याला नाव घालता आलं नव्हतं, म्हणून तो गावादेखत मला माझी जागा देत होता. मी त्याच्याकडं बघितलं, मग मालनकडं. ती हात जोडून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“आज नको, सर,” मी म्हणालो. “परत कधीतरी.”

“अहो, करा की!” मुल्ला सर ओरडले. पोरांनी टाळ्या सुरू केल्या.

मी खाली बसलो. धडपा सोडला, पात्याची पाठ लोकांकडं येईल अशी सुरी धरली. कळकाचा तुकडा घेतला. सुरी मांडीशी रोवली आणि कामटी ओढली. पातं कळकात शिरलंच नाही, घसरलं. परत ओढली. सालपट निघालं आणि मध्येच फाटलं, खांड्यात धागा अडकला. पोरं हसायला लागली. मी जोर लावला. जोर लावायचा नसतो, हे मी स्वतः शौनक सरांना शंभरदा सांगितलं होतं. कामटी तुटली, हात पुढं गेला आणि तळहात फाटला. हिरव्या कळकावर रक्त सांडलं.

“राहू दे रे मुरली!” मागनं कुणीतरी ओरडलं. “पेट्याच उचल तू!”

काय हशा पिकला म्हणून सांगू! फक्त दोघं हसली नाहीत. सर धावत आले आणि रुमाल काढायला लागले. मालन जागच्या जागी उभी होती. ती माझ्या हाताकडं बघत नव्हती. सुरीकडं बघत होती.

शाळेच्या मागं नळ आहे. मी हात पाण्याखाली धरून बसलो होतो. ती आली, माझ्या शेजारी कट्ट्यावर बसली. सुरी तिनं सोबत आणली होती. उन्हाकडं धरून तिनं धारेवरनं अंगठ्याचं नख फिरवलं. खांड्यापाशी नख थांबलं.

“आयत्या वेळी तुमचे हात असे कसे चुकले म्हटलं,” ती हळू म्हणाली. “हात चुकले नाहीत. सुरीच मेली आहे.”

मी हात पाण्याखाली उलटा केला.

“मला पहिल्याच रविवारी कळलं होतं,” ती म्हणाली. “सुरी जागची हलवायची नाही, कळक हलवायचा, असं शहरातलं कोण करतंय? आणि रोज तुमच्या शेजारी बसून बुट्ट्या विणते मी. तुमचे हात मला ओळखू यायचे नाहीत होय?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही का नाही बोललात? वाट बघितली. आज सांगतील, उद्या सांगतील. मग मुद्दाम कौतुक करायला लागले, म्हटलं चिडून तरी सांगतील. तुम्ही तोंड फुगवून बसायचा आणि मला हसू यायचं. शेवटी म्हटलं, नसेल सांगायचं, दिला असेल कुणाला शब्द. निदान त्याच्या हातनं तुमच्या हातात सुरी पडू दे, सगळ्यांच्या देखत.” परत नख धारेवर गेलं. “अण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी हिला धार लावली होती. अंथरुणात बसून. मी तेव्हापासनं दगडाला लावली नाही. कळकालासुद्धा नाही. त्यांच्या हातची तेवढीच राहिली होती माझ्याकडं.”

नळाचं पाणी वाहत होतं. मला ते बंद करायचं सुचेना.

“ट्रंकेत कशी पडली असेल हो अशी?” ती म्हणाली. “की मीच तेल लावताना कुठं आपटली?”

ती खरंच आठवत होती. कपाळाला आठ्या घालून शुक्रवारपासनचा एकेक क्षण आठवत होती. मी गप्प राहिलो असतो तर तिनं ते स्वतःवर घेतलं असतं आणि जन्मभर वागवलं असतं. गप्प राहणं मला नवीन नव्हतं, सहा महिने तेच केलं होतं.

“मी केलं,” मी म्हणालो. “काल दुपारी. विहिरीच्या दगडावर.”

तिला कळायला वेळ लागला. “मुद्दाम?”

“मुद्दाम. मला वाटलं तू त्याला देणार. त्याच्या हातांचं तू एवढं करायचीस, मला सहन होईना.”

“तुमच्याच हातांचं करत होते की हो मी!” ती एवढंच म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं. पदराचा बोळा तोंडात धरून ती कितीतरी वेळ रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, तर हाताला रक्त होतं. तो मी परत मागं घेतला.

पटांगणातनं जीप सुरू झाल्याचा आवाज आला. पोरांचा गलका गेटाकडं गेला. मालननं डोळे पुसले. सुरी धडप्यात नीट गुंडाळली आणि आमच्या दोघांच्या मध्ये कट्ट्यावर ठेवली.

“घ्या,” ती म्हणाली. “दिली ती दिली. तुमचीच आहे.”

“मी धार लावून देतो. खांडा काढतो. होती तशी करतो.”

“होती तशी कशी होईल?” ती उठली, लुगड्याला लागलेली धूळ झटकली. “अण्णांची धार गेली. आता तुमची लावा.”

आणि ती माझ्या पुढं चालायला लागली. मी नळ बंद केला, सुरी उचलली आणि तिच्या मागं निघालो.